चाऊशांचा येमेनी पाहुणा

माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं दोन शब्दांत गेली. 'क्लिअर' आणि 'अ‍ॅडव्हर्स'. पासपोर्टसाठी अर्ज केलेल्या माणसाच्या घरी जायचं, कागद बघायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं आणि दोनपैकी एक शब्द लिहून अहवाल वर पाठवायचा. क्लिअर लिहिलं की माणूस विमानात बसायला मोकळा. अ‍ॅडव्हर्स लिहिलं की आमच्या ऑफिसात खेटे घालायला मोकळा.

मी पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडले. मधले बंदोबस्त आणि पंचनामे सांगत बसत नाही, ते कुठल्याही पोलिसाकडून ऐकायला मिळतील. विशेष शाखेतलं हे टेबल मात्र वेगळं होतं. पासपोर्टबरोबर परदेशी माणसांची नोंदही माझ्याकडेच होती. बीड जिल्ह्यात परदेशी माणूस येऊन येऊन किती येणार? पवनचक्क्यांवर यंत्रं बसवायला आलेले इंजिनिअर, कधी अभ्यासाला आलेली एखादी गोरी मुलगी. कायदा असा आहे की घरात, लॉजवर किंवा दवाखान्यात परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं. लॉजवाले घाबरून कळवतात. घरमालक कधीच कळवत नाहीत. निदान तोपर्यंत तरी कुणी कळवलं नव्हतं.

लोकांना वाटतं पोलिसाचा संशय जन्मजात असतो. माझा नव्हता. उलट मी भोळी म्हणून ऑफिसात माझी चेष्टा व्हायची. अर्जदाराकडे चहा घेतला, घरातल्या बायांशी दोन शब्द बोलले, की मी क्लिअर लिहून मोकळी. मला संशय घ्यायला शिकवलं ते बंडूने.

बंडू पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवरचा ऊसतोड मजूर. पंचविशीचा, उंचापुरा, मोळी उचलून उचलून खांदे रुंद झालेला. पासपोर्टच्या चौकशीला गेले तेव्हा म्हणाला, "दुबईला जायलोय मॅडम. गोदामात काम हाय. तोडीचं काम आता नगं वाटतंय." त्याच्या बायकोने गुळाचा चहा दिला. दोन शेजाऱ्यांनी सह्या केल्या. गुन्हा नाही, वाद नाही. मी क्लिअर लिहिलं आणि खरं सांगायचं तर मनातून खूश झाले. एक घर कोयत्यातून सुटलं, असं वाटलं.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी चौकशीला त्याच वस्तीवर गेले. तोडीचा हंगाम होता. सगळ्या घरांना कुलपं. एका दारात बंडू बसलेला.

"का रे, तोडीला गेला नाहीस?"

त्याची बायको आतून आली, आणि काही न विचारता तिने त्याचा सदरा वर केला. बरगडीच्या खालून पाठीकडे गेलेला वीतभर व्रण होता.

गोदाम नव्हतंच. परदेशातल्या एका दवाखान्यात त्याला नेलं होतं. आपल्याकडच्याच एका मोठ्या शहरातला श्रीमंत पेशंट तिथे जाऊन पडला होता. त्याच्यासाठी बंडूची किडनी काढली. इथला कायदा आड येतो म्हणून तिथे.

"नाव बदललं होतं का तुझं?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. नाव माझंच व्हतं. मामा तेवढा नवा व्हता."

कागदावर तो त्या पेशंटचा भाचा झाला होता. सह्या त्याच्याच होत्या, न वाचता येणाऱ्या भाषेत. त्यामुळे तक्रार द्यायला तो तयार होईना. 'मीच आत जाईन' एवढंच म्हणायचा. नेणाऱ्या माणसाचं खरं नाव त्याला माहीत नव्हतं. इतकंच सांगितलं, की तो सगळ्यांना 'बाळा' म्हणायचा आणि बोलता बोलता डबीतून बडीशेप काढून समोरच्याच्या हातावर ठेवायचा.

मी उठले तेव्हा बंडू म्हणाला, "तुमीच तर क्लिअर केलतं मॅडम." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. यष्टी वेळेवर आली होती, असं सांगावं तसं सांगितलं त्याने.

मग मी किडनीचा कायदा वाचून काढला. जिवंत माणसाची किडनी घ्यायची तर जवळचं नातं लागतं. आईबाप, मुलं, भावंडं, नवराबायको, आजीआजोबा, नातवंडं. बाकीच्यांना समितीपुढे उभं राहावं लागतं. आणि पेशंट परदेशी असेल, तर जवळच्या नात्याशिवाय भारतीय माणसाला त्याला किडनी देताच येत नाही. म्हणजे दलालाचं खरं काम नातं बनवण्याचं. तेव्हापासून चौकशीत कुणी 'नात्यातला आहे' म्हणालं, की माझे कान टवकारायचे.

अशा वेळी उमर चाऊश माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

चाऊश म्हणजे निजामाच्या फौजेसाठी अरबस्तानातून आलेल्या शिपायांचे वंशज. मराठवाड्यात बऱ्याच गावांत त्यांची घरं आहेत आणि ते तुमच्या-माझ्यासारखंच बोलतात. उमरभाई डिझेल इंजिनचे मेकॅनिक. पन्नाशी ओलांडलेली, नखांत कायमचं काळं ऑइल, हातात प्लास्टिकची फाइल.

"मॅडम, घरी मेहमान आलाय. येमेनचा हाय. पोलिसात कळवायला लागतं म्हणले, म्हणून आलो."

"कोण म्हणलं?"

"पुण्याच्या दवाखान्यातले. किडनीचा पेशंट हाय तो."

मी पेन खाली ठेवलं. "तुमचा कोण लागतो?"

"रिश्तेदार हाय. आमचे पणजोबा इकडं आले, त्येंचा भाऊ तिकडंच राहिला. त्येच्या घरचा हाय."

मी बोटांवर पिढ्या मोजल्या. मला माझ्या पणजोबांचं नाव आठवेना, भावाचं तर दूरच. "मग सापडला कसा तुम्हाला?"

"व्हाट्सअपवर. हैदराबादच्या चाऊश लोकांचा ग्रुप हाय. तिथं त्येनं गावाचं नि कबिल्याचं नाव टाकलं, पुण्यात राहायला लई महाग पडतंय म्हणून लिवलं. गाव आमचंच निघालं."

फाइलीत सगळं होतं. पासपोर्ट, रुग्णाचा व्हिसा, पुण्याच्या दवाखान्याचं पत्र, भरलेला फॉर्म. एकही रकाना रिकामा नव्हता. इतक्या वर्षांत एकही घरमालक आपणहून आला नव्हता, आणि हा माणूस पाहुणा उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळे कागद घेऊन हजर. तुम्हाला वाटेल, किती सरळ माणूस. मला वाटलं, याला आधीच कुणीतरी शिकवून पाठवलंय.

महिनाभर बंदोबस्तात गेला, मग मी त्यांच्या घरी गेले. किल्ल्याजवळच्या मोहल्ल्यात गॅरेजच्या मागे घर, अंगणात बोरीचं झाड. झाडाखाली खाटेवर पाहुणा बसला होता. अवद त्याचं नाव. चाळिशीचा, सावळा, हाडापेराने मोठा पण डोळ्यांखाली सूज आलेला. मला बघून उठायला लागला, तर उमरभाईंनी त्याला खांद्याला धरून बसवलं. शेजारी पाण्याची बाटली, तिच्यावर पेनाने रेघा मारलेल्या. दिवसाला तेवढंच पाणी प्यायची परवानगी. आठवड्यातून दोनदा इथल्याच डायलिसिस सेंटरला त्याला उमरभाई घेऊन जात आणि महिन्यातून एकदा पुण्याला.

चाऊशांच्या घरात अरबी फक्त नमाजेत उरली होती. पाहुण्याला मराठी नाही, यांना अरबी नाही. फोनवर भाषांतर करून बोलायचे. तो फोन एकदा मोठ्याने म्हणाला, 'तुमचे मूत्रपिंड आज आनंदी आहे काय?' सगळे हसले, अवदही हसला. मी हसले नाही.

मदरशातल्या मौलानांना बोलावून मी त्याची चौकशी केली. तिकडे तो मधमाश्या पाळायचा. त्यांच्याकडे बोरीच्या फुलांचा मध फार मोलाचा, म्हणून इथे आल्यावर पहिल्यांदा त्याने या झाडाला हात लावला होता, असं मौलाना म्हणाले. मी ते लिहून घेतलं नाही. मी विचारलं, किडनी कोण देणार?

"भाऊ सोबत आलता," मौलानांनी सांगितलं. "तो देणार होता. पण तपासणीत त्यालाच शुगर निघाली. तो परत गेला. आता बायको देणार म्हणतोय. ती तिकडं अडकलीय. विमानतळ बंद, पासपोर्टची मुदत संपलेली."

म्हणजे देणारा भाऊ परत गेला आणि घेणारा इथे बसून राहिला. कुणासाठी? येणार की नाही ठाऊक नसलेल्या बायकोसाठी? मोहल्ल्यात हातावर पोट असलेली शंभर घरं होती.

निघताना कपाटावर एक पाकीट दिसलं. वर उमरभाईंचं नाव. सवयीने उघडलं. रक्तगट, मूत्रपिंडाची तपासणी, पोटाची सोनोग्राफी.

"हे काय?"

"शुगर तपासली मॅडम."

"शुगरला पोटाची सोनोग्राफी लागते?"

उमरभाईंनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे त्यांची बायको होती. हळू आवाजात म्हणाले, "बाहेर बोलू."

आम्ही बाहेर गॅरेजमध्ये आलो. उमरभाई हातातल्या फडक्याने एकच पाना पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमी समजता तसं न्हाई हाय, मॅडम."

मला सगळं समजलंय, अशी माझी पक्की खात्री झाली होती. पणजोबाचा भाऊ, व्हाट्सअपचा ग्रुप, एकही रकाना रिकामा नसलेला फॉर्म, आणि हे रिपोर्ट. नातं बनवायचं काम सुरू होतं आणि या वेळी ते माझ्या नाकासमोर चाललं होतं. बंडूच्या वेळी मी झोपले होते. आता झोपणार नव्हते.

पंधरा दिवसांनी उमरभाई पुन्हा ऑफिसात आले. या वेळी हातात फाइल नव्हती.

"मॅडम, एक माणूस मागं लागलाय. पुण्याला दवाखान्याच्या दारात भेटला. म्हणतो, तुमच्या पाहुण्याला किडनी लागती ना, आपल्या जिल्ह्यातलाच पोरगा देतो. कागद मी बनवतो म्हणला. गुरुवारी अकरा वाजता मांजरसुंब्याला धाब्यावर ये म्हणला. मी हो म्हणलोय."

"हो कशाला म्हणालात?"

"तुमी येऊन धरावं म्हणून."

माझ्या डोक्यात हिशोब झाला तो असा: मी रिपोर्ट बघितल्यापासून हा माणूस घाबरलाय. आता स्वतःला वाचवायला कुणीतरी दुसरा उभा करतोय. उद्या काही उघडकीला आलं तर म्हणणार, मी तर पोलिसांना आधीच सांगितलं होतं.

"बघते," मी म्हणाले. त्यांनी त्या माणसाचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. मी चिठ्ठी फाइलीत टाचली आणि वरिष्ठांना काही सांगितलं नाही. केलं ते एवढंच: साध्या वेशातला एक शिपाई गुरुवारी उमरभाईंच्या मागावर पाठवला. त्याला सांगितलं, चाऊशवर नजर ठेव, कुणाला भेटतो ते बघ, मध्ये पडू नको.

गुरुवारी दुपारी शिपायाने येऊन सांगितलं, "चाऊश धाब्यावर एका माणसाबरोबर दोन तास बसलता मॅडम. चारदा चहा मागवला. सारखा रस्त्याकडं बघत व्हता. शेवटी तो दुसरा उठून गाडीत बसून गेला."

संध्याकाळी उमरभाईंचा फोन आला.

"मॅडम, आला न्हाई तुमी."

"कामात होते."

ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात अवदच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज आला आणि त्यावर आमचा अहवाल मागवला गेला. मी तो मनापासून लिहिला. स्थानिक नातेवाइकाचं नातं संशयास्पद. सदर इसमाने स्वतःच्या किडनीच्या तपासण्या करून घेतल्या असून त्याबाबत समाधानकारक खुलासा केला नाही. सदर इसम मांजरसुंबा येथे एका अनोळखी व्यक्तीस दोन तास भेटला. शेवटी लिहिलं, अ‍ॅडव्हर्स. आमच्या साहेबांनी वाचून मान डोलावली. "आता खरी पोलीस झालात," म्हणाले. मला ते आवडलं, हेही कबूल करते.

मुदतवाढ अडकली. व्हिसा नाही म्हणून दवाखान्याने पुढची तारीख देणं थांबवलं. उमरभाई दर दोन दिवसांनी येऊन दारात उभे राहायचे आणि मी 'वरून आलं नाही' म्हणायचे. वरून काय येणार ते मला ठाऊक होतं, कारण पाठवलेलं माझंच होतं. एकदा ते म्हणाले, "मॅडम, मागच्या डायलिसिसला तो बेशुद्ध झालता. कावून अडलंय तेवढं तरी सांगा." मी सांगितलं नाही.

बावीस दिवसांनी अवदची बायको आली.

नूर तिचं नाव. पासपोर्ट करायला दुसऱ्या शहरात गेली, तिथून गाड्या बदलत वाळवंटातून ओमानची हद्द गाठली, तिथल्या विमानतळावरून मुंबई, आणि मुंबईहून उमरभाईंच्या मित्राच्या पिकअपमध्ये बीड. दोन मुलं आईकडे ठेवून आली होती. उमरभाई दुसऱ्या दिवशी तिचाही फॉर्म घेऊन हजर. या वेळी ते माझ्याशी बोलले नाहीत. फॉर्म टेबलावर ठेवला आणि पोच घेतली.

आता ही बायको तरी खरी का, हे बघायला मी गेले. हो, तरीही. बाईमाणूस असल्यामुळे मला आतल्या खोलीत जाता आलं. मौलाना पडद्याच्या बाहेर बसून आमचं बोलणं इकडचं तिकडे करत होते. मी निकाहनामा बघितला, दूतावासाचं पत्र बघितलं, मुलांची नावं विचारली. मग तिला एकटीलाच विचारलं, "नवऱ्याच्या पाठीवर काही खूण आहे का?" असले प्रश्न आम्ही विचारतो. मौलानांनी बाहेरून खाकरत खाकरत प्रश्न पोचवला.

नूरने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे नीट बघितलं. मग बरंच काही बोलली.

"ती म्हणते," मौलाना म्हणाले, "उजव्या खांद्यामागे मधमाश्या चावल्याचे डाग आहेत. आणि ती विचारते, हे तुम्ही त्यांच्या भल्यासाठी विचारताय का वाईटासाठी?"

मी म्हणाले, नियम आहे.

तिचे कागद पडताळायला मी पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला. परदेशी पेशंटचं काम बघणारी एक बाई बोलली. दूतावासाचं पत्र खरं होतं, लग्नाचा कागद खरा होता. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बीडचे ते मेकॅनिक काका कसे आहेत?"

"कोण, चाऊश? त्यांचं काय?"

"अहो, पेशंटचा भाऊ परत गेल्यावर ते आपणहून आले होते. माझी किडनी घ्या म्हणून. बाहेरून तपासण्याही करून आणल्या होत्या. त्यांना सांगावं लागलं, काका, चार पिढ्यांमागचं नातं कायद्यात बसत नाही. इथे बाकावर बसून रडले हो. घरी सांगू नका म्हणाले, बायको घाबरेल. त्यांचं ते बोलणं दारातल्या कुणीतरी ऐकलं असणार, कारण मग एक दलाल त्यांच्या मागे लागला. त्यांनी आम्हालाही कळवलं आणि म्हणाले, आमच्या गावच्या मॅडमना सांगितलंय, त्या धरतील."

मी फोन ठेवला. ज्या गोष्टीचा मला संशय होता, तीच उमरभाई खरोखर करायला निघाले होते. किडनी द्यायला निघाले होते. फक्त ते फुकट आणि मनापासून असू शकतं, ही एक शक्यता मी कागदावर धरलीच नव्हती. आणि त्या गुरुवारी ते धाब्यावर दोन तास चहा मागवत बसले होते ते माझी वाट बघत. त्या माणसाने उठू नये म्हणून. रस्त्याकडे बघत होते ते माझी जीप दिसते का म्हणून. मी मात्र तेच त्यांच्या विरोधात लिहिलं होतं.

साहेबांकडे गेले आणि अहवाल मागे घ्यायचा म्हणाले. साहेब म्हणाले, "लिहून पाठवलेलं मागे घ्यायचं म्हणजे आपण चुकलो असं होतं."

"चुकलोच ना सर. मी चुकले."

"मग तसं लिहा. तुमच्या नावाने लिहा."

लिहिलं. माहिती मिळूनही कारवाई केली नाही, हेही लिहिलं. माझ्याकडून खुलासा मागवला गेला, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना सेवापुस्तकात ठपका आला. त्याचं मला फार वाटलं नाही. मुदतवाढ आठ दिवसांत मिळाली. समितीने मंजुरी दिली. ऑपरेशन झालं. नूरची किडनी अवदला लागली आणि चालली.

मी ती चिठ्ठी फाइलीतून काढून नंबर लावून बघितला. बंद. मग उमरभाईंकडे जायची हिंमत होईना म्हणून मौलानांकरवी त्या माणसाचं वर्णन विचारून घेतलं. 'बडीशेप खातो, आणि मला, पन्नाशीच्या माणसाला, बाळा म्हणत होता,' असा निरोप आला. मी बंडूच्या वस्तीवर जाऊन आले. वर्णन ऐकून बंडू नुसता जमिनीकडे बघत म्हणाला, "तोच त्यो."

पुढे चार महिन्यांनी केज तालुक्यातून एक बाई ऑफिसात आली. नवरा परदेशी कामाला गेलता, आता फोन उचलत नाही म्हणत होती. कोण घेऊन गेलं, विचारलं. नाव माहीत नाही, म्हणाली, पण घरी आलता तेव्हा मलासुद्धा बाळा म्हणला आणि हातावर बडीशेप ठेवली. कधी आलता, विचारलं. तिने सांगितलेला दिवस त्या गुरुवारनंतरचा होता, नऊ दिवसांनंतरचा. तिचा नवरा परत आला, बंडूसारखाच व्रण घेऊन. त्याने तक्रार दिली, गुन्हा दाखल झाला, मी जबाब दिला. बडीशेपवाला अजून सापडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

अवद आणि नूर परत जायच्या आधी नोंद बंद करायला ऑफिसात आले होते. त्याच्या डोळ्यांखालची सूज गेली होती. नूर मला ओळखून थोडी हसली, मौलानांमार्फत म्हणाली, मुलांना तुमच्याबद्दल सांगीन. काय सांगणार, ते मी विचारलं नाही. उमरभाई दारातच उभे होते. आत आले नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात निरोप समारंभ झाला, शाल-नारळ झाला. दुसऱ्या दिवशी साडी नेसून, कुणाला सोबत न घेता मी त्यांच्या गॅरेजवर गेले. ते जीपखाली आडवे होते. माझे पाय बघून बाहेर आले, हात पुसले, स्टूल पुढे केलं.

"मॅडम? कावून आलाव? कागदात काय राहिलं का?"

"काही राहिलं नाही. मी आता नोकरीतही नाही. तुम्हाला भेटायला आले."

मग मी सगळं सांगितलं. धाब्यावर का आले नाही, अहवालात काय लिहिलं, मुदतवाढ कुणामुळे अडली. पुण्याच्या बाईंनी काय सांगितलं तेही. सांगताना एकही शब्द माझ्या बाजूने वळवला नाही, एवढं मी नक्की सांगू शकते. शेवटी हात जोडले आणि म्हणाले, "मला माफ करा, उमरभाई."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग गॅरेजच्या दाराबाहेर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदा बघून घेतलं. माझ्यासोबत कुणी आहे का ते बघत होते. कुणी दिसलं नाही तसे जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम, खरं सांगा. हे बोलायला तुमाला कुणी धाडलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. समोरच्यावर विश्वास बसलेला नसताना मान कशी डोलवायची, ते मला चांगलं माहीत आहे. बंडूनंतरची सगळी वर्षं मी तशीच डोलवत आले होते.